घाबरण्यावरची गोळी सुरू केली, आता पहिले पंधरा दिवस कसे काढायचे

जीव घाबरतो, छातीत धडधडतं, रात्री दचकून उठायला होतं म्हणून डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, पॅरॉक्सिटीन यातली एखादी गोळी लिहून दिली असेल तर हे वाचा, आणि जमलं तर पहिली गोळी पोटात जायच्या आधी वाचा. मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाहीये. पण ही गोळी नेलेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी उरलेली पट्टी घेऊन परत येतो आणि म्हणतो, "भाऊ, हाई गोळी माले सूट नही व्हयनी", हे इतक्या वेळा ऐकलंय की आता पट्टी देतानाच मी दोन मिनिटं थांबवून बोलतो, मागे गर्दी असली तरी. यातले बरेच जण गोळी काम सुरू करायच्या आधीच सोडून देतात आणि मग वर्ष-वर्ष तोच त्रास अंगावर काढतात, परत ईसीजी, परत गॅसच्या गोळ्या, परत जळगाव-नाशिकच्या चकरा.

तर आधी हे पक्कं करून घ्या. या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि फायदा मागून येतो. त्रास साधारण पहिल्या आठ-पंधरा दिवसात जास्त असतो आणि बहुतेकांचा आपोआप कमी होत जातो. फायदा जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ आठवडे, काहींना त्याहून जास्त. नवीन बोअरला मोटर लावली की आधी गढूळ पाणी येतं, म्हणून कोणी मोटर काढून ठेवत नाही ना, तसंच समजा.

असं का होतं ते पण सांगतो, कारण कारण माहीत असलं की भीती निम्मी होते. गोळी मेंदूतल्या पेशींच्या मधलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवते आणि हे काम पहिल्या दिवसापासूनच सुरू होतं, पण वाढलेल्या सेरोटोनिनशी मेंदूला जुळवून घ्यायला काही आठवडे जातात, तोपर्यंत उलट जरा बेचैनी वाढल्यासारखी वाटू शकते. दुसरं म्हणजे शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन डोक्यात नसतंच, ते आतड्यात असतं. म्हणून गोळी डोक्याची आणि मळमळ पोटात. आणि घाबरणाऱ्या माणसाची खरी अडचण ही की गोळीचा सुरुवातीचा त्रास आणि त्याचा मूळ आजार दिसायला सारखेच असतात, दोन्हीकडे थरथर, घाम, धडधड, झोप उडालेली, त्यामुळे त्याला वाटतं आजार वाढला, आता मी काही वाचत नाही. वाढलेला नसतो. म्हणूनच घाबरण्याच्या त्रासात डॉक्टर बऱ्याचदा कमी पॉवरने सुरू करतात, एस्सिटालोप्राम ५ ची, सर्ट्रालीन २५ ची, आणि आठ-दहा दिवसांनी वाढवतात. तुम्हाला थेट १० ची दिली असेल आणि फारच बेचैन होत असेल तर स्वतः तुकडे करत बसू नका, फोन करून विचारा की काही दिवस ५ वर राहू का. हा प्रश्न विचारण्यात काही चूक नाही, डॉक्टरांना त्याची सवय असते.

दवाखान्यातून निघायच्या आधी

घरात ज्या ज्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून घेऊन जा. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची, आणि मुख्य म्हणजे दुखण्यावरच्या. कापूस वेचणीच्या दिवसात कंबर दुखते, गुडघे दुखतात म्हणून आपल्याकडे आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक रोज घेणारे कितीतरी लोक आहेत, आणि या गोळ्यांबरोबर ती घेतली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालते. ट्रॅमाडोल असलेली पेनकिलर, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, मायग्रेनवरच्या काही गोळ्या, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. ॲसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेत असाल तर तेही सांगा, त्याने एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढतं. लोकांना वाटतं गॅसची गोळी काय सांगायची, पण सांगायची.

हृदयाचा जुना त्रास, फिट, गरोदरपण किंवा बाळ अंगावर पितंय, हे सांगायचंच. दारू घेत असाल तर खरं तेवढं सांगा, बायको बरोबर असेल तर तिला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगून सांगा, पण सांगा. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिली आणि तुम्हाला दमा असेल तर तिथल्या तिथे बोला. आणि अजून एक, जे कोणी आपणहून सांगत नाही: तुम्हाला किंवा घरात कोणाला कधी असे आठ-दहा दिवस आले होते का की झोप दोन तासाची पण अंगात प्रचंड जोर, सारखी बडबड, वारेमाप खर्च, मोठमोठे बेत? असेल तर हे डॉक्टरला माहीत पाहिजे, कारण अशा माणसाला नुसती ही गोळी दिली तर तो प्रकार परत उफाळू शकतो.

निघताना दोन प्रश्न विचारून घ्या. यातली मुख्य गोळी कोणती आणि थोड्या दिवसांची कोणती? आणि त्रास झाला तर फोन कुठल्या नंबरवर, किती ते किती करू? हे चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.

पट्टी हातात आल्यावर

इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव, ते बाजूला ठेवा, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव आणि पॉवर असते ती वाचा, नाहीतर फोटो काढून घरातल्या पोराला वाचायला लावा. आपल्याकडे एस्सिटालोप्राम एकटी पण मिळते आणि क्लोनाझेपाम किंवा एटिझोलाम मिसळलेली पण मिळते, नाव जवळजवळ तेच, मागे फक्त प्लस किंवा दुसरं एखादं शेपूट लावलेलं. ही दुसरी औषधं पटकन शांत करतात, पहिले दोन-चार आठवडे निभावून न्यायला डॉक्टर ती मुद्दाम देतात आणि त्याचा खरंच उपयोग होतो, पण त्यांची सवय लागते. म्हणून डॉक्टरांनी साधी लिहिली असेल तर दुकानातून साधीच घ्या, "साधी नाहीये, प्लसवाली देतो, सारखीच आहे" असं कोणी म्हणालं तर घेऊ नका, सारखी नसते. आणि प्लसवाली लिहून दिली असेल तर ती किती दिवस हे विचारा, सहा-सहा महिने तीच चिठ्ठी दाखवून नेत राहू नका. पण बरेच दिवस घेतली असेल तर मनानेच एकदम बंदही करू नका, तीही हळूहळू उतरवावी लागते.

कंपनी बदलली तर घाबरायचं कारण नाही, औषध तेच आणि पॉवर तीच हवी. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त पडतात, महिनोन्‌महिने घ्यायची असल्यावर हा फरक मोठा असतो, आणि एस्सिटालोप्राम तर सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. जळगावचं सिव्हिल म्हणजे आताचं शासकीय मेडिकल कॉलेज आणि धुळ्याचं हिरे मेडिकल, दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे दाखवायला लाज वाटायचं कारण नाही.

पट्टी ठेवायची कुठे? बहुतेक पट्ट्यांवर २५ किंवा ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर, देव्हाऱ्यात दिव्याजवळ ठेवू नका. फ्रिजची गरज नाही, घरातली सगळ्यात गार आणि कोरडी जागा बघा, धान्याच्या कोठीच्या खोलीत चालतं, फक्त पोरांच्या हाताला लागायला नको.

पहिले चार-पाच दिवस

मळमळ, पोट ढवळणं, एखाद-दोन पातळ जुलाब, तोंड कोरडं, डोकं जड, सारख्या जांभया, हाताला बारीक थरथर, दात आवळले जाणं, घाम, विचित्र रंगीबेरंगी स्वप्नं. यातलं एखादं-दोन होईल, सगळं एकाच माणसाला सहसा होत नाही, आणि काहींना काहीच होत नाही.

मळमळीवर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गोळी जेवणानंतर घेणं. रिकाम्या पोटी चहाबरोबर घेणाऱ्यांना जास्त त्रास होतो असं मी बघतो. ते चार-पाच दिवस शेवभाजीची तर्री, ठेचा, तळलेली कळण्याची पुरी बाजूला ठेवा, मुगाची खिचडी, दूध-भाकरी, ताक-भात, केळं, असं थोडं थोडं चार वेळा खा. माझ्या वहिनीला सर्ट्रालीन सुरू केली तेव्हा पहिला आठवडा जेवणाचं ताट बघवत नव्हतं, रावेरची केळी आणि दुधात कुस्करलेली भाकरी एवढ्यावर तिने दिवस काढले, नंतर भूक आपोआप आली. आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळला तर बरं वाटतं. उपवास असतील, श्रावणाचे, नवरात्राचे, तर गोळी फराळानंतर घ्या, आणि रोजे असतील तर सहेरी किंवा इफ्तारनंतर, वेळ डॉक्टरला विचारून एकच ठरवा आणि तीच ठेवा.

चहा कमी करा. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, शेतात चहा, बाजारात चहा, दिवसाला सात-आठ कप सहज होतात, आणि आधीच धडधडणाऱ्या छातीवर त्याने भर पडते. एकदम बंद केला तर डोकं दुखतं, म्हणून अर्धा कप करा आणि संध्याकाळी चारनंतर नको. दारूला मात्र कमी-जास्त काही नाही, बंदच, त्यातून बरोबर क्लोनाझेपाम असेल तर दोन्ही मिळून गुंगी आणि श्वास दोन्हीला धोका.

झोपेचं दोन तऱ्हेचं असतं. काहींची झोप उडते, त्यांना डॉक्टर गोळी सकाळी घ्यायला सांगतात. काहींना दिवसभर पेंग येते, त्यांना रात्री. तुमचं कुठलं ते तीन-चार दिवसात कळेल, मग फोन करून वेळ बदलून घ्या, एका दिवसात दोनदा घेऊन नव्हे. पेंग येतेय की नाही हे कळेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, थ्रेशर, कडबाकुट्टी यापासून लांब राहा. हे मी आग्रहाने सांगतो, एकदा हात गेला की गेला.

एखाद्या दिवशी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

धडधड वाढली, आता काय

बसस्टँडवर, बँकेच्या रांगेत, रात्री दोनला, कधीही लाट येऊ शकते. ती आली की स्वतःला शब्दात सांगा, मोठ्याने सांगितलं तरी चालेल, "ही गोळीची सुरुवात आहे, ही उतरते." पाय जमिनीवर टेकवा, श्वास आत घेताना चार मोजा, सोडताना सहा मोजा, सोडणं लांब पाहिजे. पंधरा-वीस मिनिटात बहुतेक वेळा उतार पडतो. त्या वेळात मोबाइलवर साइड इफेक्ट शोधत बसू नका, तिथे जगातल्या प्रत्येकाचा वाईट अनुभव लिहिलेला असतो आणि बरा झालेला माणूस लिहायला येत नाही. पण छातीत घट्ट आवळून दुखतंय, हातात-जबड्यात कळ जातेय, चक्कर येऊन पडायला होतंय, किंवा वय जास्त आणि बीपी-शुगर आहे, तर गोळीचं असेल म्हणून बसू नका, सरळ दवाखाना.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री तारखेच्या चौकोनात शून्य ते दहा मध्ये एक आकडा लिहा, आज घाबरणं किती, आणि झोप किती तास. बास, जास्त काही नको. दोन आठवड्यांनी डॉक्टरकडे गेलात आणि त्यांनी "कसं वाटतंय?" विचारलं की आपण "तसंच आहे" म्हणून मोकळे होतो, कारण त्या दिवशीचंच आठवतं. आकडे दाखवले की नऊचा सात झालेला त्यांनाही दिसतो आणि तुम्हालाही.

उन्हाळ्यात आणि म्हाताऱ्या माणसांना

गोळीने घाम वाढतो आणि आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी अकरा ते चार शेतात जाणं टाळा, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेत राहा, बीपी किंवा शुगर असेल तर मीठ-साखर किती ते विचारून. साठीच्या पुढच्या माणसांचं वेगळं सांगायला हवं, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर. त्यांच्या रक्तातलं सोडियम या गोळ्यांनी कमी होऊ शकतं, मग माणूस सुस्त पडतो, काहीतरी भलतंच बोलतो, तोल जातो. घरचे म्हणतात म्हातारपण आहे, उन्हाने झालं असेल. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि सोडियम तपासून घ्या, साधी रक्ततपासणी आहे.

ज्याबद्दल कोणी काउंटरवर बोलत नाही

नवरा-बायकोच्या संबंधात फरक पडतो. इच्छा कमी होते, पुरुषांचं वीर्य बाहेर यायला उशीर होतो, बायकांनाही समाधान यायला वेळ लागतो. बाकीचे त्रास पंधरा दिवसात जातात तसा हा दर वेळी जात नाही, गोळी चालू आहे तोपर्यंत राहू शकतो. माझ्या मते गोळी गुपचूप सोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं कारण हेच असतं आणि ते "सूट झाली नाही" एवढंच सांगतात. डॉक्टरकडे यावर उपाय असतात, पॉवर कमी करता येते, गोळी बदलता येते, पण तुम्ही बोललात तरच. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. आणि जोडीदाराला सांगा की हे गोळीमुळे आहे, मन उडालं म्हणून नाही, नाहीतर घरात भलताच गैरसमज होतो.

थांबायचं नाही, लगेच हालचाल करायची

मरणाचे, स्वतःला संपवायचे विचार आले किंवा वाढले, तर हा त्रास सहन करायचा नाहीच. पंचवीसच्या आतल्या मुला-मुलींकडे पहिले काही आठवडे, आणि पॉवर वाढवली की परत, जास्त लक्ष पाहिजे. अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ मध्ये लहान मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी हा इशारा या औषधांवर छापायला लावलाय. घरच्यांनी सरळ विचारावं, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं घरातून, शेतातल्या खोलीतून हलवा, कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याकडे. एकटं सोडू नका. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलाय, दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गाडीला १०८.

ताप, अंग ताठरणं, जोरजोरात थरथर, खूप जुलाब, गोंधळलेपण हे सगळं एकदम आलं, खास करून दुसरं औषध सुरू केल्यावर, तर थेट हॉस्पिटल, सगळ्या पट्ट्या बरोबर घेऊन. अंगावर पुरळ आणि तोंड-ओठ सुजले, काळी संडास झाली, फिट आली, तरी तसंच. आणि झोपेशिवाय अचानक भलताच उत्साह, खर्च, भांडणं सुरू झाली तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन.

घरच्यांनी

"गोळ्यांच्या नादी लागू नको", "आपल्या खानदानात कोणाला असं नव्हतं" हे पहिल्या पंधरा दिवसात तरी बोलू नका. त्यापेक्षा जेवायला वाढताना गोळीची आठवण करा, संध्याकाळी गावाबाहेर एक चक्कर बरोबर मारा. मंदिरात जायचं असेल, नवस करायचा असेल तर खुशाल करा, गोळी चालू ठेवून करा. आणि गावभर कळेल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला त्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, डॉक्टर आणि दवाखाना ती बाहेर सांगू शकत नाही. दुकानात सगळ्यांसमोर नाव घ्यायला नको वाटत असेल तर चिठ्ठी घडी करून द्या, मी तरी कागदात गुंडाळूनच देतो.

बरं वाटायला लागल्यावर

महिना-दीड महिन्यात एक दिवस लक्षात येतं की सकाळपासून घाबरायला झालंच नाही. इथेच लोक दुसऱ्यांदा गोळी सोडतात, "आता काय गरज." बरं वाटायला लागल्यापुढे साधारण सहा महिने ते वर्षभर डॉक्टर गोळी चालू ठेवतात, लवकर सोडली तर त्रास परत यायची शक्यता जास्त. आणि एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, मळमळ, डोक्यात वीज सरकल्यासारखे झटके येतात, पॅरॉक्सिटीन आणि व्हेनलाफॅक्सिन (हीही घाबरण्यावर देतात अशीच एक गोळी) यांना हे जास्त. ते झटके धोक्याचे नसतात पण माणूस घाबरून जातो. बंद करायची वेळ आली की डॉक्टर पॉवर टप्प्याटप्प्याने कमी करतात, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात.

आखाजीला माहेरी जाताना, लग्नाला सुरतला जाताना, कानबाईच्या रोटांना गावी जाताना पट्टी आधी बॅगेत टाका. घरात नेहमी आठ दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या ठेवा, कारण लहान गावात तीच पॉवर दर वेळी मिळेलच असं नाही, आम्हालाही जळगावहून मागवायला दोन दिवस लागतात. आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात.